साखरपुड्याच्या फोनचं व्हर्जन

मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात मी काही वर्षं काम केलं, पण मला स्वतःला फोनवर बोलायला आवडत नाही. समोरच्याचा चेहरा दिसत नाही, आणि मी चेहरा बघून बोलणारी आहे. खरं तर चेहरा बघून गप्प बसणारी. आमचे मालक हमीदभाई गिऱ्हाइकांना माझी ओळखच अशी करून द्यायचे: "ह्या आमच्या मॅडम. सायलेंटवर ठेवलेला फोन आहे. काम सगळं करते, फक्त वाजत नाई."

दुकान चंद्रपूरच्या बस स्टँडमागच्या गल्लीत होतं. हमीदभाईंच्या वडलांचं घड्याळाचं दुकान तेच. लोकांनी मनगटाकडे बघणं सोडून खिशातून वेळ काढायला सुरुवात केली, तेव्हा हमीदभाईंनी पाटीवरच्या घड्याळावर मोबाइलचं चित्र रंगवून घेतलं. घाईत रंगवल्यामुळे त्या मोबाइलला दोन काटे राहिले होते. मी नोकरी मागायला गेले तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"इंग्रजी शाळेत होत्या ना?"

"हो."

"मंग झालं. मोबाइलच्या आत सगळं इंग्रजीच भरलेलं असते."

तंत्रनिकेतनाची पदविका माझ्या पिशवीतच राहिली. मोबाइलच्या आत जे भरलेलं असतं ते कोणत्याच शाळेत शिकवत नाहीत, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. हमीदभाईंना ते आजही मान्य नाही.

त्या वेळच्या फोनमध्ये एक कोड चालायचा. स्टार, हॅश, चार शून्यं आणि पुन्हा हॅश. तो दाबला की पडद्यावर तीन ओळी यायच्या. पहिल्या ओळीत व्हर्जनचा आकडा, दुसरीत तारीख, तिसरीत मॉडेलचं कंपनीतलं नाव. व्हर्जन म्हणजे फोन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची आवृत्ती. कंपनी त्यातल्या चुका काढते, नवं काही घालते आणि आकडा पुढे सरकवते. तारीख ती आवृत्ती तयार झाल्याची. काही कंपन्या तारीख सरळ लिहायच्या नाहीत. त्या लांबलचक अक्षरं द्यायच्या: आधी मॉडेल, मग कुठल्या भागासाठी आणि कुठल्या भाषांसाठी ते दोन अक्षरांत, मग वर्षाचं एक अक्षर, महिन्याचं एक, आणि शेवटी त्या महिन्यातली कितवी सुधारणा. एवढं कळलं की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं काम म्हणजे ते गिऱ्हाइकाला सांगणं. तिथे माझी अडचण व्हायची.

कारण आमच्याकडे हा कोड कंपनीच्या माणसांपेक्षा लग्नातल्या वऱ्हाडी मंडळींना जास्त पाठ होता. बसमध्ये, पानठेल्यावर, लग्नाच्या मांडवात लोक एकमेकांचे फोन मागून घ्यायचे आणि व्हर्जन बघायचे. ज्याचा आकडा मोठा तो मोठा. मूलचे एक ट्रॅक्टरवाले भाऊ एकदा फोन काउंटरवर आपटून म्हणाले, "मॅडम, माह्या साळ्याचं व्हर्जन सहा आहे अन् माहं चार. हे बरं दिसते का?"

मी म्हटलं, "त्यांचं मॉडेल वेगळं आहे. दोन मॉडेलांचे आकडे एकमेकांशी लावता येत नाहीत. शर्टाचा नंबर आणि चपलेचा नंबर जसे."

"ते सारं ठीक आहे. पण वाढवून द्या."

"वाढेल. पण त्यात फोनमधले सगळे नंबर पुसले जातील."

भाऊ विचारात पडले. फोन उघडून नावं खालीवर केली. "अर्धे कोनाचे आहे मलेच ठाऊक नाई," ते म्हणाले. "पन राहू द्या. कधी आठोन आली तं?" आणि चारच्या व्हर्जनवर समाधान मानून गेले. मला वाटतं, साळ्याला भेटताना ते फोन घरी ठेवत असावेत.

सिरोंच्याचे एक मासळीचे व्यापारी होते, त्यांना मात्र मोठा आकडा बाधला. फोन गोदावरीपलीकडून घेतलेला, आत तेलुगू होती. कुणीतरी हौसेनं त्यात वरचं व्हर्जन घातलं. आकडा वाढला, तेलुगू गेली, कारण ते व्हर्जन त्यांच्या भागासाठी नव्हतंच. मी मधली दोन अक्षरं जुळवून मूळचं, खालच्या आकड्याचं सॉफ्टवेअर घातलं. त्यांनी आधी कोड दाबून आकडा बघितला आणि चेहरा पाडला. मग पडद्यावर तेलुगू दिसली. बराच वेळ एकेक ओळ मोठ्यानं वाचत उभे राहिले. "अम्मा," जाताना म्हणाले, "घरी आलो."

आता जे सांगायचं आहे ते या मोठ्या आकड्याच्या वेडातूनच उभं राहिलं.

साखरपुड्यात नवऱ्या मुलाला अंगठीबरोबर घड्याळ द्यायची पद्धत होती. त्या वर्षांत घड्याळाच्या जागी मोबाइल आला. हमीदभाईंच्या दृष्टीनं धंदा बदललाच नव्हता, फक्त पट्टा गेला होता. साखरपुड्याचा फोन विकताना ते स्वतः डबा उघडायचे, आपलं सिम घालायचे आणि घरी बायकोला फोन लावायचे. "हॅलो, आवाज येऊन राह्यला? बरं. भाजी कोनती?" भाजी कळली की फोन पास. मग सिम काढून, पुसून, डबा बंद करून द्यायचे. विकलेल्या प्रत्येक फोनवर पहिलं बोलणं भाजीचं झालेलं असायचं.

गोंडपिपरीचे देवाजीभाऊ आमचे जुने गिऱ्हाईक. त्यांचं शिलाईचं दुकान होतं. मुलीचं, सुषमाचं, जिवतीकडे जमलं. मुलगा प्रमोद गडचांदूर ते जिवती काळीपिवळी चालवायचा. देवाजीभाऊंनी साखरपुड्यासाठी आमच्याकडूनच फोन नेला. वरच्या किमतीतला, कॅमेऱ्याचा.

साखरपुड्याला महिनाभर झाला असेल. एका दुपारी गल्लीच्या तोंडाशी काळीपिवळी उभी राहिली आणि तिच्यातून दोन्हीकडची माणसं उतरली. पुढे प्रमोदचे मामा, वसंतमामा. त्यांच्यामागे प्रमोद, मान खाली. त्याच्यामागे देवाजीभाऊ, शर्टावर खडूची रेघ तशीच, म्हणजे कापड कापतानाच उठवून आणलेले. शेवटी सुषमा. ती आत आली नाही, दाराशी स्टुलावर बसली. तिला कुणी बोलावलं नव्हतं, हे सगळ्यांच्या न बघण्यावरून कळत होतं.

वसंतमामांनी डबा काउंटरवर ठेवला. "हमीदभाई, हा फोन तुमच्या इथचा?"

"हो. मीच दिला."

"नवा?"

"कोरा करकरीत."

मामांनी कोड दाबला. त्यांचा अंगठा त्या कोडवर इतका सराईत होता की त्यांनी आजवर किती मांडव तपासले असतील याचा अंदाज आला. तीन ओळी आल्या. दुसऱ्या ओळीतली तारीख साखरपुड्याच्या सव्वा वर्ष आधीची होती.

"आता सांगा. सव्वा सालाचा जुना फोन नवा म्हनून आमच्या पोराच्या हातावर ठेवला. कोनी वापरला, कोनी फेकला, ठाऊक नाई. फोन असा, तं पोरीचं काय काय झाकलं असन? मी सरळ सांगतो. हे नीट झालं तं ठीक, नाई तं सोयरिक इथीच संपली."

देवाजीभाऊ पुढे झाले. "मी नवा पाहून घेतला, भाऊ. माह्या पोरीचं आहे. जुना देईन का मी?"

हमीदभाईंनी समजावून बघितलं, पण विकणाऱ्याचं ऐकायचं नाही असं मामा घरूनच ठरवून आले होते. तेव्हा हमीदभाईंनी मला पुढे केलं. "मॅडमले विचारा. इंग्रजी शाळेत होत्या. खोटं बोलत नाई. तशा खरंही फारसं बोलत नाई."

चारजण एकदम माझ्याकडे बघायला लागले की मला स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्यावासा वाटतो. मी तो घेतला आणि बोलले. "ही तारीख फोनची नाही. आत जे सॉफ्टवेअर आहे, ते कंपनीत तयार झालं त्या दिवसाची आहे. तेच पुढे वर्ष-दोन वर्षं नव्या फोनांत घालत राहतात." मामांच्या कपाळावरची आठी हलली नाही. मी देवाजीभाऊंकडे बघितलं. "तुम्ही कॉलर कापायला कागदाचा नमुना ठेवता ना? शर्ट आज शिवला, पण नमुना कधीचा?"

"नमुना तं माह्या लग्नाच्या आधीचा आहे!" देवाजीभाऊ एकदम बोलले. "त्याच्यावरून काल शिवला मी शर्ट. शर्ट नवाच म्हनतीन ना?"

"फोन शिवत नाई," मामा म्हणाले.

मग मी मागच्या फळीवरून त्याच मॉडेलचा सीलबंद डबा काढला. मामांच्याच हातानं सील फोडायला लावलं, त्यांनाच कोड दाबायला सांगितलं. तीच तारीख. मामांनी फोन उलटा करून बघितला, जणू खरी तारीख पाठीमागे असावी. गल्लीतून आत डोकावणाऱ्यांपैकी कुणीतरी "अरे वा" म्हणालं. देवाजीभाऊंनी श्वास सोडला. मलाही वाटलं, संपलं.

पण मामा मांडवांत तयार झालेले होते. "ह्याले सील होतं. आमच्या डब्याले सील कुठी होतं? फाटलेलं होतं."

"ते मी फाडलं," हमीदभाई म्हणाले. "टेस्ट कराले. बायकोशी बोललो."

"म्हनजे वापरला!"

"एक मिनिट! भाजी विचारली फक्त!"

"एक मिनिट का एक साल, कोन पाह्यलं?"

"फोननं पाह्यलं!" हमीदभाईंनी काउंटरवर थाप मारली. "मॅडम, तो दुसरा कोड लावा. महिन्याभराचं पोराचं बोलनं, दोन-चार तास निघतीन, बस."

दुसरा कोड कंपनी गिऱ्हाइकाला सांगत नसे. तो दाबला की त्या फोनवर जन्मापासून एकूण किती वेळ बोलणं झालं ते दिसायचं. नंबर पुसा, सिम बदला, तो आकडा पुसता येत नसे. वापरलेला फोन नवा म्हणून खपवणाऱ्यांना आम्ही त्यावरच पकडायचो.

मी साखरपुड्याचा फोन उचलला आणि प्रमोदचा चेहरा बघितला. तो म्हणाला, "राहू द्या न मामा. चला. स्टँडवर गाडीचा नंबर लागला असन." आणि मला फोनची हिरवी कळ दिसली. बाकीच्या कळा नव्या, मळसुद्धा नाही. हिरवी मात्र घासून गुळगुळीत. महिन्याभरात अशी घासायला काय लागतं, ते मी दुकानात इतकी वर्षं बघत होते. कोड दाबायच्या आधीच मला साधारण उत्तर कळलं होतं.

दाबला. साठ तासांच्या वर.

त्या आकड्याचे दोन अर्थ होते. एक मामांना हवा होता. तो खरा ठरला तर हमीदभाई लबाड, देवाजीभाऊ त्याहून लबाड, आणि दाराशी बसलेली मुलगी साखरपुडा मोडलेली. दुसरा अर्थ खरा होता, पण तो सांगणं माझं काम नव्हतं. तो ज्याचा होता तो माझ्यासमोर उभा राहून फरशी मोजत होता.

"वाचा न मॅडम," हमीदभाई विजयी सुरात म्हणाले.

मी वाचलं.

हमीदभाईंचं तोंड उघडं राहिलं. "साठ... भाजी एवढी नाई चालत..."

"पाह्यलं!" मामा गरजले. "पाह्यलं का देवाजीभाऊ? साठ तास कोनाच्या तरी कानाले लागलेला फोन माह्या भाच्याले!"

देवाजीभाऊंनी एकदा हमीदभाईंकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. आपणही फसलो की काय, असं त्यांना वाटलं असणार. मी प्रमोदकडे बघत होते. त्यानं तोंड उघडलं, मामांकडे बघितलं आणि मिटलं.

"तो कान माहा आहे," दारातून आवाज आला.

सुषमा उठून उभी राहिली होती. "ते माह्याशी बोलत होते. साखरपुड्यापासून रोज."

पहिला सावरला तो बाप. "कोनत्या फोनवर?"

"तुमच्या. तुम्ही झोपले की."

"माह्या? म्हनून रोज सकाळी बॅटरी उतरलेली राहे! अन् मी हमीदभाईले शिव्या देऊन राह्यलो!"

"दोनदा बॅटरी बदलून नेली यायनं!" हमीदभाईंना आता अपमानापेक्षा बॅटरीचा न्याय मोठा वाटत होता. "मी सांगत होतो, बॅटरी चांगली आहे!"

मामा भाच्याकडे वळले. "म्हनून तू रोज गाडीत झोपाले जात होता? मले म्हने, गाडीची बॅटरी चोरतेत लोकं?"

"घरी रेंज नाई न मामा," प्रमोद पुटपुटला. "पहाडाच्या कडेले लावली की गडचांदूरचा टॉवर भेटते."

"साठ तास! एवढं बोलाचं काय असते?"

"व्हर्जनचं नाई बोललो, मामाजी," सुषमा म्हणाली.

गल्लीतले हसले, हमीदभाई हसले, देवाजीभाऊही हसले. मामासुद्धा मिशीत हसले असावेत. इथेच हे संपलं असतं तर सगळे चहा पिऊन गेले असते. पण सुषमा हसत नव्हती. ती काउंटरपाशी आली आणि प्रमोदसमोर उभी राहिली.

"मामाजीले माहीत नव्हतं, ते भांडले. तुम्हाले तं माहीत होतं. माह्या बाबाले कापडावरून उठवून इथी आनलं, चार लोकात चोर ठरवलं. तुम्ही काऊन नाई बोलले?"

"मामासमोर कसं बोलू?"

"मले तं म्हनत होते, तुह्यासाठी कोनासमोरही बोलीन."

"ते... फोनवर म्हटलं होतं."

त्याच्या बाजूनं बोलायचं तर मलाच बोलायला हवं होतं. चारचौघांत घसा कोरडा पडणं म्हणजे काय, हे त्या दुकानात माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? पण मी देवाजीभाऊंच्या शर्टावरची खडूची रेघ बघितली आणि गप्प राहिले. गप्प राहण्याचीही जागा असते. त्याची ती नव्हती.

"ताई, ह्याच्यातलं सिम काढून द्या," सुषमा मला म्हणाली.

मी झाकण उघडलं, बॅटरी काढली, सिम काढलं. तिनं सिम प्रमोदच्या हातावर ठेवलं आणि फोन आपल्या ओढणीत गुंडाळला.

"हा मी ठेवतो," ती म्हणाली. आमच्याकडे मुलीही असंच बोलतात. "फोनवर जे बोलले ते घरी येऊन, बाबासमोर बोला. मामाजीले संग आना. नाई जमलं, तं मामाजी म्हनले तसंच. सोयरिक इथीच संपली."

मामांनी आणलेली धमकी मामांच्या हातातून अशी निघून गेली. ते भाच्याला म्हणाले, "चाल, गाडी काढ." आवाजात राग होता, पण तो आता कुणावर आहे हे त्यांनाही नीट कळत नसावं.

पुढचे दोन-तीन आठवडे हमीदभाई रोज विचारायचे, "मॅडम, काय होईन?" जणू हेही कुठल्या कोडनं कळणार होतं. ते आता टेस्टच्या फोनवर भाजी विचारत नव्हते. नुसतं "हॅलो" म्हणून ठेवायचे, आणि घरी त्यावरून वेगळीच कटकट सुरू झाली होती. मी गोंडपिपरीच्या बसची वेळ झाली की दाराकडे बघायचे. मला त्या मुलीचं लग्न व्हावं असं वाटत होतं की मोडावं, हे मी तेव्हाही कुणाला सांगितलं नाही.

मग एका बाजाराच्या दिवशी देवाजीभाऊ आले. बॅटरीसाठी नाही. पेढ्यांचा पुडा काउंटरवर ठेवला आणि बसले.

"आला होता," ते म्हणाले. "पह्यल्या रविवारी एकटाच आला. मशीनपाशी बसला, चहा पेला, गेला. तोंडातून शब्द नाई. दुसऱ्या रविवारी तसंच. मी पोरीले म्हटलं, सोड बाई, मुका आहे. पोरगी म्हने, थांबा."

"मंग?" हमीदभाई पुढे सरकले.

"काल मामाले घेऊन आला. बसला. घाम पुसला. अन् म्हने, तो फोन नवाच होता, मले माहीत होतं, मी भेकड निघालो, तुमची माफी मागतो. मामासमोर बोलला, बाप्पा! माह्या हातातली कैची थांबली."

"अन् सुषमा?" मी विचारलं. हमीदभाईंनी माझ्याकडे वळून बघितलं. मी गिऱ्हाइकाला कधी आपणहून काही विचारत नसे.

"ते तं आत होती, पडद्यामागं. तिथूनच बोलली." देवाजीभाऊंना सांगतासांगताच हसू येत होतं. "म्हने, आनखी एकदा म्हना, अन् मोठ्यानं. मामाजीले डाव्या कानानं कमी ऐकू येते."